राखणीच्या रोबोटच्या हातात फवारा द्यावा का?

एका वाचकाचा प्रश्न आलाय. कोल्हापूरच्या गुजरीत दुकान, हुपरीत चांदीचा छोटा कारखाना. ते लिहितात: "रात्रीच्या राखणीला गस्त घालणारा रोबोट घ्यावा म्हणतोय. कंपनीचा माणूस सांगतो, अनोळखी चेहरा दिसला की तो आधी सायरन देणार, मग मिरचीचा फवारा मारणार. वरचं मॉडेल घेतलं तर शॉकही देतो म्हणे. पोलीसच आता रोबोट नि ड्रोन वापरतात, मग आपण वापरायला काय हरकत? आणि उद्या चोराला काही झालं तर जबाबदार कोण, मी की कंपनी?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. जबाबदार तुम्ही. कंपनी तुमच्या शेजारी उभी राहील किंवा नाही राहणार, पण पहाटे चारला पोलीस ठाण्यातनं फोन येणार तो तुमच्याच नंबरवर. म्हणून फवारा नको आणि शॉक तर मुळीच नको. चाकावरचा कॅमेरा म्हणून रोबोट घ्यायचा असेल तर जरूर विचार करू.

मी उद्यमनगरात सव्वीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवात शटरला सेन्सर बसवण्यापासून झाली, मग सीसीटीव्ही आला, मग फौंड्र्यांमधली ऑटोमेशनची कामं, आता ड्रोनचं प्रमाणपत्रही काढलंय. यंत्रावर माझा राग असायचं कारण नाही, माझ्या घरची चूल त्यावरच पेटते.

"माझ्या जागेत घुसला तर मी वाट्टेल ते करीन" असं आपल्याकडं छाती काढून बोलतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, मालमत्तेसाठीही आहे, आणि रात्रीच्या घरफोडीत तो बराच लांबपर्यंत जातो. पण तो समोर उभ्या असलेल्या माणसाचा हक्क आहे. काय घडतंय ते बघून, खरोखर धोका वाटला म्हणून, गरजेपुरतंच बळ वापरायचं. तुम्ही कोल्हापुरात घरी घोरताय आणि तिकडं हुपरीत यंत्र फवारा मारतंय. धोका वाटला कुणाला? यंत्राला तर काही वाटत नाही.

सुप्रीम कोर्टाचा १९६३ सालचा एक निकाल आहे, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. आरोपीच्या संडासाचा वापर शेजारपाजारचे करायला लागले. त्यांना अडवायचं म्हणून त्यानं संडासाच्या वाटेवर विजेची उघडी तार सोडून ठेवली. पाटी नाही, सूचना नाही. एक बाई गेली, तार लागली आणि तिथंच मेली. आरोपीचं म्हणणं, ती माझ्या जागेत घुसली होती. कोर्टानं ते धुडकावलं. दुसऱ्याच्या जागेत पाय टाकला म्हणून माणसाच्या जिवाचं संरक्षण संपत नाही, आणि असा सापळा लावून ठेवणं हे स्वसंरक्षणात बसत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. शिक्षा कायम राहिली. साठ वर्षं झाली, पण डुकरं-गवे येतात म्हणून कुंपणात करंट सोडायचा आणि सकाळी शेजारच्याच शेतातला माणूस पडलेला सापडायचा, हे आपल्याकडं अजून चालूच आहे. फवारा मारणारा रोबोट म्हणजे चाकं लावलेली तीच तार. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याला तेव्हा दोन वर्षांपर्यंत कैद होती, आता न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत आहे.

मिरचीनं कोण मरतंय, असं तुम्ही म्हणाल. दम्याचा माणूस मरू शकतो. भट्टीपुढं, आम्लाच्या वाफेत आयुष्य काढलेल्या कारागिरांच्या छात्या कशा असतात, हे मी हुपरीच्या माणसाला काय सांगायचं!

आता त्या "अनोळखी चेहऱ्या"कडं या. हा शब्द विक्रेत्यानं फारच सहज वापरलाय.

यंत्र चेहरा ओळखत नाही, एक आकडा देतं. साठवलेल्या फोटोशी हा चेहरा इतका जुळतो, एवढंच. किती आकड्याला "जुळलं" म्हणायचं, हे कुणीतरी माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरात सांगितलं होतं की ८० टक्क्यांच्या वर गेलं की ते जुळलं असं धरतात. ८० का, ७० किंवा ९५ का नाही, याला विज्ञानाचा आधार शोधत बसू नका. अमेरिकेत डेट्रॉइटला २०२० च्या जानेवारीत रॉबर्ट विल्यम्स नावाच्या गृहस्थाला घड्याळांच्या चोरीत बायको-पोरींसमोर घरून उचललं. दुकानातल्या अंधुक फुटेजवरनं कॉम्प्युटरनं त्याच्या लायसन्सचा जुना फोटो पुढं केला होता. जवळजवळ तीस तास कोठडीत. तो चोर नव्हताच. योगायोग बघा, त्याच मिशिगन राज्यात १९७९ साली मोटारीच्या कारखान्यात रोबोटच्या हाताचा तडाखा बसून एक कामगार मेला, आणि त्याचंही नाव रॉबर्ट विल्यम्स. त्या कामगाराच्या घरच्यांना ज्यूरीनं एक कोटी डॉलर मंजूर केले, कारण दोष कुणाचा हे दाखवता आलं: रोबोट बनवणाऱ्यानं सुरक्षेची सोयच पुरेशी ठेवली नव्हती. चुकीच्या ओळखीत बोट असं सहज कुणाकडं दाखवता येत नाही. पोलीस म्हणतात कॉम्प्युटरनं सांगितलं, कॉम्प्युटरवाले म्हणतात आम्ही फक्त शक्यता सांगितली.

लांबचं कशाला, माझ्याच हातची गोष्ट सांगतो. गाव नको, कारखानदाराचं नाव नको. पाच-सहा वर्षांपूर्वी एका चांदीच्या कारखान्याला मी कॅमेरे बसवले. गल्लीच्या तोंडाला आडवी रेघ आखायची, रात्री कुणी ती ओलांडली की मालकाच्या फोनवर फोटो. मालकानं तो फोटो आपोआप आसपासच्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाईल अशी सोय मागितली, मी करून दिली. वर म्हणाला, मांजरसुद्धा सुटता कामा नये. मी सेन्सिटिव्हिटी वाढवली.

पहाटे साडेचार. एक म्हातारा झारेकरी गटारीच्या कडेनं आला. झारेकरी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो: सोनार-चांदीकारांच्या दारातली झाडणी, गटारीतला गाळ गोळा करून, धुऊन त्यातला कण न् कण काढणारा माणूस. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एका हातात पाटी, दुसऱ्या हातात ब्रश. कॅमेरा वरून बघत होता. फोटोत दिसलं काय, तर तोंड झाकलेला इसम, हातात डबा आणि दांडकं. ग्रुपवर पडलं: "चोर." दहा मिनिटांत आठ-नऊ जण काठ्या घेऊन खाली.

मी सकाळी सातला मेसेज बघितला तोवर म्हाताऱ्याची दोन बोटं मोडली होती. तीस वर्षं तो त्याच गल्लीत येत होता. मारणाऱ्यातल्या निम्म्यांनी त्याला कधी ना कधी चहा पाजला असेल. पण फोटो कॅमेऱ्यानं काढला होता, वर "इंट्रूडर" असं लाल अक्षरात लिहिलं होतं, मग अंधारात तोंडावरचा टॉवेल बाजूला करून बघायची कुणाला गरज वाटली नाही. नंतर जो तो म्हणाला, आम्हाला वाटलं सिस्टीमनं पकडलाय. ती रेघ मी आखलेली होती. दवाखान्याचं बिल मालकानं आणि मी निम्मंनिम्मं दिलं. झारेकरी पुन्हा त्या गल्लीत आला नाही. मला आजही कुणी "एआय कॅमेरा" म्हटलं की ती पाटी दिसते.

त्या रात्री निदान मारणारे हात माणसांचे होते, त्यांची नावं घेता येत होती. तुमच्या रोबोटला फवारा लावला की तेवढंही उरणार नाही.

पोलीस वापरतात मग आपण का नको, हा तुमचा मुद्दा. पोलीस नि लष्कर वापरतात त्यातला मोठा भाग म्हणजे बॉम्ब लांबून हाताळणं, आणि त्याच्याविरुद्ध माझं एक अक्षर नाही. या यंत्रांची सुरुवात ऐकली तर उद्यमनगरवाल्यांना गंमत वाटेल. १९७२ साली उत्तर आयर्लंडमध्ये गाड्यांत लपवलेले बॉम्ब निकामी करताना ब्रिटिश सैनिक मरत होते, तेव्हा पीटर मिलर या लष्करी अधिकाऱ्यानं बागेत वापरायच्या विजेवरच्या हातगाडीचा सांगाडा घेऊन पहिला रोबोट जुळवला. नावही ठेवलं "व्हीलबॅरो", म्हणजे हातगाडीच. अस्सल जुगाड. आपला "दक्ष" पुण्यात दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं केला, जिने चढतो, संशयास्पद बॅग उचलतो. पण रिमोट शेवटपर्यंत माणसाच्या हातात आहे आणि समोर आहे ती वस्तू.

वस्तूच्या जागी माणूस आला की गाडी घसरते. ७ जुलै २०१६ ला डॅलसमध्ये एकानं पाच पोलिसांना गोळ्या घातल्या आणि तो कॉलेजच्या इमारतीत दडून बसला. वाटाघाटी फसल्यावर पोलिसांनी बॉम्ब काढायच्या रोबोटलाच स्फोटकं बांधून आत पाठवलं आणि उडवून दिलं. त्या पोलिसांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, सांगता येत नाही. बटण माणसानंच दाबलं होतं, हेही खरं. पण सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळानं पोलिसांना रोबोटकरवी जीव घ्यायची मुभा देणारं धोरण आठ विरुद्ध तीन मतांनी मंजूर केलं. लोक रस्त्यावर आले, आठवड्याभरात माघार घ्यावी लागली. एकदा निकडीपोटी केलेली गोष्ट अशी नियमावलीत शिरू बघते.

आपल्याकडं पोलिसांच्या बळावर कागदावर तरी लगाम आहे. अटक करताना, ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेता येत नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. चकमकीत कुणी मेलं तर काय करायचं, हे सुप्रीम कोर्टानं पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१४ च्या निकालात घालून दिलंय: गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडं किंवा दुसऱ्या ठाण्याकडं द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, आणि संबंधित पोलिसाचं शस्त्र तपासणीसाठी जमा करून घ्या. आता शस्त्र म्हणजे रोबोट असेल तर जमा काय करायचं? रिमोट? की सर्व्हरवरची नोंद? ती नोंद कंपनीच्या ताब्यात, कंपनीचा सर्व्हर तिसऱ्याच देशात. पंचनाम्यात पंचांनी सही कशावर करायची? रोबोट वाईट वागेल याची मला फार भीती नाही. त्याच्या वागण्याखाली सही कुणाची हे कुणालाच सांगता येणार नाही, याची आहे.

गस्तीच्या रोबोटचा अनुभव म्हणाल तर त्यात हसण्यासारखंही पुष्कळ आहे. अमेरिकेत के-फाइव्ह नावाचं अंड्याच्या आकाराचं, पाच फुटी यंत्र भाड्यानं मिळतं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉलमध्ये ते सोळा महिन्यांच्या पोराला धडकलं. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला कारंज्यात जाऊन पडलं. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये ते टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी स्टेशनात ठेवलं, तर त्याला जिना चढता येईना आणि सोबत सतत एक पोलीस उभा करावा लागला. थोडक्यात, राखणदाराला राखणदार. काही महिन्यांत प्रयोग गुंडाळला. आपल्या रंकाळ्याच्या कट्ट्यावर सोडलं असतं तर संध्याकाळपर्यंत पोरांनी त्याला भेळ चारली असती. पण एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. २०१७ च्या अखेरीला सॅन फ्रान्सिस्कोत एका प्राण्यांच्या संस्थेनं हेच यंत्र फुटपाथवर फिरवलं, आणि गाड्या फोडणाऱ्यांसाठी आणलेलं यंत्र तिथं झोपणाऱ्या बेघरांना हुसकायला लागलं, अशी ओरड झाली. काढून टाकावं लागलं. मला पुन्हा झारेकरीच आठवला. चोराला दुसरी गल्ली असते, यंत्राच्या तावडीत सापडतो तो रोज तिथंच येणारा गरीब माणूस.

ड्रोनचं थोडं वेगळं आहे. विसर्जनाला महाद्वार रोडवर किंवा चैत्री यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गर्दी कुठं दाटतेय हे वरून जेवढं कळतं तेवढं खालून कळत नाही, आणि चेंगराचेंगरी टाळायची तर ते कळायलाच हवं. पूर आल्यावर तर ड्रोनसारखा डोळा नाही. पण तोच डोळा वाड्यांच्या चौकात उतरतो, गच्चीवर केस वाळवणाऱ्या बायकांवरून फिरतो, पत्रा नसलेल्या न्हाणीवरूनही जातो. एका गावच्या जत्रेत कमिटीच्या सांगण्यावरून मी ड्रोन उडवला होता. काम झालं, जेवलो, घरी आलो. चार दिवसांनी पँट धुवायला टाकताना खिशातनं मेमरी कार्ड निघालं. सगळ्या गावाची घरं-दारं त्यात होती. कुणी मागितलं नव्हतं, मीही दिलं नव्हतं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर? पुट्टस्वामी खटल्यात ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची मोठी खिडकीही ठेवली गेली. पण त्या कार्डापुरता कायदा म्हणजे माझी पँट होती. तेव्हापासून उड्डाणाआधीच लिहून घेतो: फुटेज कुणाचं, किती दिवस ठेवायचं, पुसणार कोण.

तुमच्या कारखान्यालाही हे लागू आहे. रोबोट रात्री चोर शोधतो म्हणता, पण तो दिवसपाळी-रातपाळीचे कारागीरही टिपतो, आणि गल्लीत घरोघरी बायका पैंजणांची जुळणी करत बसलेल्या असतात त्यांची दारंही.

चोरांकडं यंत्रं आली का? आली. पंजाबच्या सीमेवर ड्रोननं अमली पदार्थ आणि हत्यारं पडतात, जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोननं स्फोटकं टाकली. आपल्या बाजूला अजून अफवाच जास्त. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीडकडच्या गावांत रात्री ड्रोन दिसतात म्हणून लोक जागत होते आणि अनोळखी माणसाकडं संशयानं बघत होते. तुमचा खरा धोका साधा आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे नि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेट्या) ताब्यात घेतले ते कशाच्या जोरावर? कंपनीनं घालून दिलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. गुजरीत आजही दहा डीव्हीआर उघडले तर कितीतरी ठिकाणी "ॲडमिन" आणि एक-दोन-तीन-चार चालतं. असा कॅमेरा भिंतीवर असेल तर चोर फार तर बघेल. चाकावर असेल तर तो चालवत नेईल, आणि फवारा असेल तर तुमच्याच तोंडावर मारेल.

एवढं सगळं ऐकूनही रोबोट घ्यायचा असेल तर बघणारा आणि हाक मारणारा घ्या. इशारा तुमच्या आणि राखणदाराच्या फोनवर यावा, ग्रुपवर कदापि नाही. माणसानं फोटो बघून खात्री केली की मग ११२. कोटेशनमध्ये तीन गोष्टी लेखी मागा: नोंदी कुठल्या सर्व्हरवर राहतात, यंत्रानं चूक केली तर भरपाई कोण देतो, आणि फुटेज कोर्टात द्यायची वेळ आली तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र कोण सही करून देणार. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक विक्रेते चहा मागवतात. दारावर "कॅमेरा चालू आहे" अशी मराठीत पाटी लावा. आणि हुपरीच्या गल्लीतल्या गटारीच्या जाळ्या बघून घ्या, चाक अडकलं की तुमचा राखणदार रात्रभर तिथंच सायरन देत बसेल.

सध्या जो राखणदार आहे त्याला मात्र काढू नका. शिरोलीच्या एका फौंड्रीत आम्ही रुळावर फिरणारा कॅमेरा बसवला, तिथं साठीचे एक काका रातपाळीला होते. पहिला महिनाभर यंत्र रोज रात्री ओरडायचं. कुत्रं, वाऱ्यानं उडालेली पिशवी, वाळूच्या ढिगाची सावली. काकांनी आपण होऊन शंभर पानी वही घातली. इंजिनिअर लोकांनी नंतर त्या वहीवरनंच यंत्राचं सेटिंग दुरुस्त केलं, आमच्या लॅपटॉपमधनं काही निघालं नव्हतं. तशी एक वही तुम्हीही घाला. काकांनी पट्टीनं चार रकाने आखले होते: किती वाजता, काय वाजलं, जाऊन बघितल्यावर काय निघालं, सही.